निंगव्वा मूठ टेकून उठते

पार्सल आलं तेव्हा वीज गेली होती.
खोक्यात कापूस, कापसात प्लास्टरचे नऊ तुकडे,
चिंचोक्याएवढे, एक तेवढा सुपारीएवढा,
आणि छापील चिठ्ठी: साचे पंधरा दिवसांत परत करावेत.
एक कोटी वर्षं पडून राहिलेल्याला
पंधरा दिवसांची मुदत.

विडी घरकुलात दुपारी तीनला
पत्रा तापून कुरकुरतो.
सकाळी कॉलेजात पोरांना हाडांची नावं पाठ करायला लावते,
दुपारी मेणकापडावर मनगट जुळवत बसते.
चुकतं. पुन्हा जुळवते.

माणसाला आठ, याला नऊ.
नववं आपल्यातही येतं, आईच्या पोटात,
आणि जन्माआधीच नावेसारख्या हाडाला चिकटून
स्वतःचं नाव सोडून देतं.
याचं मोकळंच राहिलं.
म्हणजे मनगट सैल, फिरणारं,
म्हणजे फांदी, लोंबकळणं, पुढची फांदी.
पण सुपारीएवढ्या हाडाच्या पाठीवर एक कड आहे
बुटक्या उंबऱ्यासारखी:
मनगट मागे दुमडायला लागलं की इथे अडावं.
म्हणजे जमीन, म्हणजे मुठीवर भार देत चालणं.
पुस्तकं दोन्ही म्हणतात.
एकाच हातातली दोन हाडं
कोर्टातल्या चुलतभावांसारखी वेगवेगळं बोलतात
आणि ज्याची जमीन
तो कधीच उठून गेलाय.

शेजारची निंगव्वा सूप घेऊन आली,
माझ्या दारात सावली लांब पडते म्हणून.
पान कातरलं, चिमूटभर जर्दा, वळली,
नखानं तोंड दुमडलं, दोरा.
हाताकडे न बघता टेबलाकडे बघत होती.
"काय मांडलीयस, गजगं?"
"मनगट आहे."
"कुणाचं?"
"नाव सापडलं नाही अजून. बिनशेपटीचं वानर होतं."
"मग?"
"ते चालायचं कसं, ते शोधतेय."
"हाडाला इचारून?" ती हसली.
"हाड काय सांगतंय गं,
दुखतंय तेवढंच सांगतंय."

तरी सुपारीएवढा तुकडा उचलला तिनं,
अंगठा फिरवला,
कडेवर थांबवला.
"हितं भार यायचा ह्याला."
मी काही सांगितलं नव्हतं.

साडेपाचला हजार भरल्या.
ब्रँचला मोजून द्यायच्या, अंधाराच्या आत.
नवव्या वर्षापासून वळतेय, आता साठी उलटली,
तळवा टेकवला की मनगटातून कळ जाते
खांद्यापर्यंत.
म्हणून ती मूठ वळते,
पेरं फरशीवर रोवते,
कोपर ताठ,
आणि "या सिद्धरामा" म्हणत
उठते.

मी बघत राहिले.

उद्या, फार उद्या,
इथल्या मुरमात कुणाला तिचं मनगट सापडलं
(आमच्यात पुरतात, ती एकदा म्हणाली होती)
आणि त्यावर कड उमटलेली असलीच,
तर ते लिहितील: मुठीवर चालणारी जात.
पुराव्याला धरून. मोजमापांसकट.
पानाचं काही उरलेलं नसेल,
लाल दोऱ्याचं नाही,
हजारातल्या शंभर "खराब" म्हणून
बाजूला सारणाऱ्या चेकरचं तर नाहीच.
किती विड्या, हे हाड मोजत नाही.
आणि दाराशी बसल्या बसल्या
न बघता चालणारी ती बोटं,
ती तर कुठल्याच हाडावर
लिहिलेली नसतील.

रात्री वहीत लिहिलं: कड आहे.
पुढे लिहिलं: त्यामुळे.
खोडलं.
पुन्हा लिहिलं, आणि त्यापुढे बराच वेळ
काहीच नाही.

चौदाव्या दिवशी कापसात परत ठेवताना
आठच भरले.
कपाट, टेबलाखाली, केराचा डबा,
पार्सलवाला दारात उभा.
शेवटी शेजारी गेले.
वीज होती, तिचा पंखा चालू होता,
आणि सुपात ओल्या पानांच्या चळतीवर
उडू नयेत म्हणून
कड वर करून ठेवलेला तो.
"ऱ्हाऊ दे की अजून दोन दिस," ती म्हणाली,
"बरा बसलाय."